डाव्या पायाचा मोजा

देवाकडे मी आयुष्यभर एकच गोष्ट मागत आले आणि नेमकी तेवढीच त्याने मला दिली नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाहीये, आता तर मुळीच नाही. पण सुरुवात इथूनच करायला हवी, कारण गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत माझ्या मनात त्याच्याबद्दल एक बारीकशी अढी होती. रविवारची चर्चमधली मिस्सा मी कधी चुकवली नाही, संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घरात झाल्याशिवाय रात्रीचा कुकर लावला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय श्रद्धाळू बाई आहे. आतून मात्र रोज तेच चालायचं, 'नवरा दिलास, पोर दिलीस, डोंबिवलीत हक्काचं घर दिलंस, मग एवढ्याशा गोष्टीसाठी तुझा हात का रे आखडला?' एवढीशी गोष्ट म्हणजे माझा डावा पाय.

माझ्या डाव्या पायावर कोड आहे. बोटांपासून घोट्याच्या वर चार बोटं, जवळजवळ सगळा पाय पांढरा, मधे एक-दोन ठिकाणी मूळचा सावळा रंग राहिलाय तेवढाच. उजवा पाय अगदी व्यवस्थित. आम्ही मूळचे नगरकडचे, पण वडील कल्याणजवळ मोहन्याला कारखान्यात होते, म्हणून माझं लहानपण तिथल्याच चाळीत गेलं. शाळेत असताना अंगठ्यावर पहिला ठिपका आला. आईला वाटलं चुना लागलाय. तिने वजरीने घासघास घासला, अंगठा लाल झाला, ठिपका तसाच. मग डॉक्टर झाले. डॉक्टरांनी सांगितलं की हे कुणाला लागत नाही, दुखत नाही, आणि हे एका पायापुरतंच राहील असं दिसतंय. तसंच झालं, राहिलं. पण आईचं समाधान होईना. ठाण्याला कोपरीत कुणी एक वैद्य होते, त्यांचा काळा लेप महिनोन्महिने लावला. त्याचा वास असा की वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेना. नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना झाल्या, आशीर्वादित तेल झालं, कुठल्या कुठल्या चर्चमधल्या माउलीला नवसाचा मेणाचा पाय वाहून झाला. शेवटी आई दमली आणि म्हणाली, "मोजे घाल बाई. झाकलेलं बरं."

मी मोजे घातले ते घातलेच. लग्नाच्या वेळी वडिलांनी मुलाकडच्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं. आमचे हे म्हणाले होते, "मला काय तिच्या पायाशी लग्न करायचंय?" सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घरात काही नाही, चारचौघांत मात्र दिसायला नको. त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मोजे काही गेले नाहीत. अंगठा वेगळा असतो ना, तसले, चपलेत घालायचे. स्टेशनबाहेर 'स्किन कलर' म्हणून विकतात. कुणाच्या कातडीचा रंग तो देव जाणे, माझ्या तर दोन्ही पायांशी जुळत नाही. एकाच पायात घातला तर लोक विचारतील म्हणून दोन्ही पायांत घालायचे. मे महिन्यातल्या घामातसुद्धा. कुणी विचारलंच तर टाचा फुटतात म्हणायचं. मी घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, दिवसभर बायका येत-जात असतात, म्हणून मशीनवरसुद्धा मोजे घालूनच पाय मारायचे. इतकं अंगवळणी पडलेलं की मला वाटायचं, मला त्याचं काही वाटत नाही.

मग गेल्या नाताळानंतर माझ्या मुलीच्या, स्नेहाच्या हातावर, कोपराच्या खाली एक पांढरा ठिपका दिसला. थोड्या दिवसांनी मनगटाजवळ दुसरा. मी तो बघितला आणि तिचा हात धरून तशीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, जे मला सांगितलं होतं, फक्त क्रीम नवीन होतं. हिचं कुठवर जाईल ते आत्ताच सांगता येणार नाही, असंही म्हणाले. स्नेहा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, चर्चच्या गायनवृंदात गाते, तोंडाची भयंकर फटकळ. मला वाटलं होतं ती रडेल, आदळआपट करेल. ती मात्र घरी आली आणि म्हणाली, "आई, मला पूर्ण बाह्यांचे दोन कुर्ते शिवून दे ना." बाकीच्या पोरी माझ्याकडे बिनबाह्यांचे ड्रेस शिवायला टाकतात, आणि माझी पोर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मनगटापर्यंत बाह्या मागत होती. मी शिवून दिल्या. माझ्याच हातांनी माप घेतलं, माझ्याच हातांनी कापल्या.

एका दुपारी राहवलं नाही म्हणून तिला जवळ बसवलं. म्हटलं, "बाळा, देवाने तुला स्वतःच्या हातांनी घडवलंय. त्याला तू आहेस तशी आवडतेस. लोकांचं काय घेऊन बसतेस?" ती माझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवत होती. तिने दोरा ओवला, गाठ मारली आणि वर न बघताच म्हणाली, "मग तू मोजे का घालतेस?"

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणाली, "कशी?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, नाहीतर मी काय बोलले असते कोण जाणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत. त्या संध्याकाळी रोझरी म्हणताना मी प्रभूला चांगलंच सुनावलं. म्हटलं, माझं नाही बरं केलंस, ठीक आहे, मी काही बोलले का? पण आता माझ्या पोरीलाही मोज्यात घालणार का तू? खरं सांगायचं तर तो मोज्यात घालत नव्हता, मीच घालत होते. पण तेव्हा हे कळण्याइतकी मी शांत नव्हते.

त्याच सुमारास फिलोमिनाबाई ब्लाउजच्या मापाला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज असा की चर्चमध्ये त्यांना माइक लागत नाही. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारचं सगळं त्या बघतात. त्या म्हणाल्या, "ह्या वर्षी बारा जणांत तू बसायचंस." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, बारा जणांचे पाय सगळ्यांसमोर धुतात, पुसतात आणि पायाचं चुंबन घेतात. पूर्वी बारा पुरुष बसायचे, हल्ली बायकाही बसतात. मी हो म्हटलं. हो म्हणायला मला अजिबात वेळ लागला नाही, कारण लहानपणापासून मी बघत आले होते की फादर फक्त उजवा पाय धुतात. प्रत्येक जण उजव्या पायाची चप्पल काढतो, उजवा पाय पुढे करतो, झालं. आणि माझा उजवा पाय चांगला होता! मनात म्हटलं, स्नेहा वर गायनवृंदात उभी असेल, तिला दिसेल की आपली आई सगळ्यांसमोर बसली, पाय उघडा केला. अर्धवट का होईना, काहीतरी दिसेल. आता आठवलं की हसू येतं. देवालासुद्धा मी सॅम्पल दाखवायला निघाले होते.

इथे आमच्या लोकांची एक गंमत सांगायलाच हवी. पाय धुवायला बसायचं म्हटलं की आमचे लोक आधी पाय धुतात. नुसते धुवत नाहीत, चकचकीत करतात. त्या आठवड्यात चर्चजवळच्या पार्लरमध्ये निम्मी गिऱ्हाइकं आमचीच असतात, आणि पुरुषसुद्धा घरी बायकोचं क्रीम चोरून टाचेला लावतात. फादरांनी ओठ लावायचे त्या पायाला, मग मळ कसा चालेल? मीही गरम पाण्यात पाय बुडवून बसले, वजरीने टाच घासली, नखं कापली, खोबरेल लावलं. सगळं एकाच पायाचं. डावा बिचारा बादलीबाहेर कोरडा. हे पेपर वाचत होते, ते चष्म्यावरून बघून म्हणाले, "दुसऱ्याने काय गुन्हा केलाय?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचा पेपर वाचा."

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सराव झाला. फादर आमच्याकडे नवीनच आले होते, वयाने तरुण, बोलायला अगदी हळू. कोण कुठे बसणार, पाण्याची घंगाळी कुठून येणार, सगळं झालं, आणि मग ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मी दोन्ही पाय धुणार हं. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा, एकच का?" सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता डावा पाय बाकाखाली ओढून घेतला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नको वाटत असेल तर नको बसू. कुणाची जबरदस्ती आहे?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मोजे घालून बसणार असशील तर फादर काय मोजे धुणार?" मी त्यांच्यावर ओरडले. स्नेहा आतल्या खोलीत गाण्याचा सराव करत होती, ती थांबली. तिने ऐकलंय हे मला कळलं. सकाळी मी फिलोमिनाबाईंना फोन करून सांगितलं की पायाला लागलंय, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, आधीच एका अंकलचं बीपी वाढलंय, ते येत नाहीयेत. आता आणखी एक कुठून पैदा करू? लागलंय तर लागलेल्या पायाने ये." आणि फोन ठेवला. आता मला पळायला वाट नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी मी मिस्सेच्या बऱ्याच आधी चर्चला गेले आणि वेदीमागच्या खोलीत जाऊन फादरांना गाठलं. कोड हा शब्द मी उच्चारला नाही. एवढंच म्हटलं, "फादर, माझा डावा पाय बरा नाही. फक्त उजवा धुवाल का?" त्यांनी कसला पाय, काय झालं, काही विचारलं नाही. म्हणाले, "पाय तुमचा आहे. तुम्ही पुढे कराल तेवढा मी धुईन." माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे सुटले असं वाटलं खरं, पण बाहेर येऊन पुढच्या बाकावर बसले तर सुटल्यासारखं वाटेना. वर माडीवर गायनवृंद जमत होता, स्नेहा पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात, हातात गाण्याचं पुस्तक. मी उजव्या पायातला मोजा काढून पर्समध्ये टाकला आणि डावा तसाच ठेवला. एक पाय उघडा आणि एका पायात मोजा, अशी मी बसले. ध्यान दिसत असणार.

माझ्या शेजारची जागा त्या बीपीवाल्या अंकलची, रिकामी. तिथे एक आजी येऊन बसल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नऊवारी लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, मांडीवर कापडी पिशवी, आणि पाय बघावेत तर धुळीने भरलेले, टाचांना भेगा, बोटांच्या मधे माती वाळलेली. त्यांनीच सांगायला सुरुवात केली. नगरकडून आल्या होत्या, गावच्या कांद्याच्या टेम्पोत बसून. मुलगी इकडे असते, ती चर्चलाच भेटणार होती, टेम्पोवाल्याने आमच्या फाटकाशी उतरवलं. "त्यो म्हनला ह्येच तुमचं चर्च. लेक काय दिसंना. यील आत्ता." बोली अगदी माझ्या आत्याची, कान तृप्त झाले. पुढचा बाक बारा जणांसाठी राखलेला असतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तेवढ्यात फिलोमिनाबाई येऊन त्यांना म्हणाल्या, "आजी, तुम्ही कॅथलिकच ना? मग इथेच बसा. बारावी जागा भरली."

आजींना काय चाललंय ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "न्हाई वो बाई! माजे पाय बघा की. ह्ये काय फादरच्या हातात द्यायचे पाय हायेत? म्या मागं बसते." पिशवी सावरून त्या निघाल्यासुद्धा. फिलोमिनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, की तू समजाव. मी आजींचा हात धरला आणि खाली बसवलं. म्हटलं, "अहो आजी, मळलेत म्हणूनच तर धुवायचे. आम्ही सगळे धुऊन आलोय, आमच्या पायांवर पाणी घालून काय उपयोग? तुमचेच खरे धुण्याजोगे आहेत. प्रभूला दाखवायला कसली लाज?"

असं मी बोलले. अगदी मोठ्या बहिणीच्या थाटात. आजी टेकल्या. त्यांना पटलं होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी खाली मान घातली, आधी स्वतःचे पाय बघितले, मग माझे. मग अगदी साधं विचारल्यासारखं विचारलं, "मंग तुमच्या ह्या पायात मोजा कशापायी?"

माझ्या पोरीने विचारला होता तोच प्रश्न. ज्या बाईने मला कधी पाहिलं नव्हतं, तिच्या तोंडून. मुलीला मी कुकरच्या शिट्टीआड टाळलं होतं, आणि इथे टाळायला काहीच नव्हतं. माझ्या तोंडून शब्द निघून गेले, "माझ्या पायाला कोड आहे." आईवडील, नवरा आणि डॉक्टर सोडून कुणासमोर मी हे वाक्य उभ्या जन्मात बोलले नव्हते. आता ही बाई सरकून बसणार, अशी मी वाट बघत होते. आजींनी विचार केला आणि विचारलं, "धुतल्यानं पसरतंय व्हय?"

"नाही."

"मंग?" म्हणाल्या, आणि पिशवी पायाशी ठेवून नीट मागे टेकून बसल्या. इतक्यात घंटा झाली आणि मिस्सा सुरू झाली.

त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला उतारा, मी किती वेळा ऐकलंय. प्रभूचा शिष्य पेत्र नाही म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत म्हणतो, तो भाग. मला नेहमी वाटायचं तो नम्रपणे बोलतोय. त्या संध्याकाळी ऐकताना मला वाटलं, त्यालाही लाज वाटत असेल. मासे धरणाऱ्या माणसाचे पाय, काय काय लागलेलं असेल. ज्याच्यावर आपला इतका जीव, त्याने नेमकं तेच हातात घ्यावं, हे सोसणं सोपं नाही. प्रवचन संपलं. फादरांनी वरचा झगा उतरवला, कमरेला पांढरा टॉवेल बांधला आणि पहिल्या माणसासमोर गुडघ्यांवर बसले. वर गाणं सुरू झालं. माझी पाळी शेवटची, आजींची माझ्या आधी. एकेक चकचकीत पाय पुढे होत होता, पाणी पडत होतं, घंगाळ्यातलं पाणी अगदी पिण्यासारखं स्वच्छ. मी एकीकडे आकडा मोजल्यासारखी माणसं मोजत होते आणि एकीकडे स्वतःला समजावत होते, उजवा दे आणि मोकळी हो, फादरांनी परवानगी दिलीय.

मग आजींचे पाय आले. पाणी पडल्याबरोबर घंगाळ्यात चिखल झाला. मागच्या बाकांवर थोडं हसू फुटलं. आजी वाकून फादरांना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काही बारीक नव्हता, "दोनदा घाला पानी, एकदात न्हाई निघायचं." फादर हसले. त्यांनी खरोखरच दोनदा धुतले, बोटांच्या मधली माती बोटाने काढली, टॉवेल मळून निघाला, आणि त्या भेगाळलेल्या टाचांच्या पायांवर त्यांनी ओठ टेकवले. आजी लहान मुलीसारख्या खूश होऊन बघत होत्या. बारा जणांत पाय धुतल्यासारखे दिसत होते ते फक्त त्यांचे.

फादर माझ्यासमोर आले. मी उजवा पाय पुढे केला. त्यांनी तो धुतला, पुसला, चुंबन घेतलं. मग ते उठायला हवे होते. ते उठले नाहीत. वरही बघितलं नाही. हातात तांब्या धरून नुसते बसून राहिले, पुढे कराल तेवढा धुईन म्हणाले होते तसे. त्या वेळात मी प्रार्थना वगैरे काही केली नाही. मनात एवढंच आलं, घे बाबा. तुला हवाच असेल तर घे, माझा आता हट्ट संपला. आणि मी मोज्याला हात घातला. पण तो अंगठ्याचा मोजा, घामाने चिकटलेला, निघेना! तेवढ्यात शेजारून आजी वाकल्या, त्यांनी दोन्ही हातांनी मोजा पकडला आणि कणीस सोलावं तसा ओढून काढला.

पांढरा पाय चर्चच्या उजेडात आला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. वर गाणं चालू होतं आणि त्यातला एक आवाज थांबला. इतक्या आवाजांतून आपल्या पोरीचा आवाज आईला बरोबर ओळखू येतो. तो थांबला, आणि मग कडव्याच्या मध्येच परत आला, आधीपेक्षा मोठा. पाणी पायावर पडलं. गार होतं. फादरांनी पाय हातात धरला, घाई केली नाही, घोट्याच्या वरपर्यंत धुतला, पुसला, आणि जिथे पहिला ठिपका आला होता, आईने घासघास घासलेल्या त्या अंगठ्याजवळ ओठ टेकवले. मला वाटलं होतं मला रडू येईल. आलं नाही. खूप चालून आल्यावर कुणीतरी पाय धरून खाली बसवावं, तसं वाटलं. इतकी वर्षं मी देवाला म्हणत होते, हा पाय बदलून दे. आणि तो म्हणत होता, हा पाय दे.

मिस्सा संपून बाहेर आल्यावर सगळं गोड-गोड झालं असं नाही. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाईकबाई माझ्याशी बोलल्या, पण नजर सारखी खाली जात होती. आणखी एकीने तिथल्या तिथे एका औषधाचं नाव सांगितलं. फिलोमिनाबाई जवळ आल्या, पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय? आणि मला म्हणतेस पायाला लागलंय!" आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. तेवढ्यात आजींच्या पिशवीतला फोन खणखणला. पलीकडून त्यांची मुलगी ओरडत होती, आई, तू आहेस कुठे? ती कल्याणच्या चर्चमध्ये वाट बघून कंटाळली होती. टेम्पोवाल्याने आजींना भलत्याच चर्चला उतरवलं होतं! जावई रिक्षा घेऊन येईपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर फाटकाशी उभे राहिलो. मी म्हटलं, "आजी, तुमची केवढी चुकामूक झाली." त्या म्हणाल्या, "झाली तर झाली. पाय तर धुऊन मिळालं."

घरी जाताना स्नेहा माझ्या शेजारून चालत होती. मी मोज्यांशिवाय नुसत्या चपला घातल्या होत्या, डोंबिवलीच्या रस्त्यावर उघड्या पायांनी पहिल्यांदा. तिने मध्येच एकदा माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. मागे जे ब्रह्मज्ञान सांगितलं होतं ते पुरे झालं होतं.

शनिवारी ईस्टरची गडबड होती. घरात साफसफाई, करंज्यांचं सारण, आणि माझ्या मशीनवर स्नेहाचा ईस्टरचा ड्रेस अर्धा राहिलेला. स्नेहा पंखे पुसत होती. माझ्या पर्समधला मोजा तिने हातात चढवला होता आणि त्याने पाती पुसत होती. स्टुलावरून तिने विचारलं, "आई, एकच सापडला. दुसरा कुठाय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजींनी ओढून काढला आणि तसाच आपल्या पिशवीत कोंबला असणार. मी म्हटलं, "दुसरा नगरला गेला." आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बाहेरून बघायला आले.

मग ती खाली उतरली, हात धुतले आणि मशीनजवळ येऊन उभी राहिली. बाह्या मी कापून ठेवल्या होत्या, मनगटापर्यंतच्या, अजून जोडल्या नव्हत्या. तिने त्या उचलल्या, स्वतःच्या हातावर लावून बघितल्या. कोपराखालचा डाग आता जरा मोठा झालाय, मी बघितलं. तिने बोट कोपराच्या वर ठेवलं आणि म्हणाली, "इथपर्यंतच ठेव." मी म्हटलं, "नक्की?" ती म्हणाली, "उकडतं गं." फटकळ पोर, तिच्याकडून याहून जास्त काय ऐकायला मिळणार!

मी कात्री घेतली आणि जिथे तिने बोट ठेवलं होतं तिथे कापलं. माझा पाय अजून पांढराच आहे आणि राहील. पोरीच्या हाताचं काय होईल ते मला माहीत नाही. रात्रीच्या रोझरीत मी आता त्याबद्दल मागतही नाही, म्हणजे मागते, आई आहे ना, पण शेवटी म्हणते, तुला ठाऊक. मी काही केलं असं मला वाटत नाही. एक टेम्पोवाला चुकला, एका आजीने जे दिसलं ते विचारलं, एक फादर हातात तांब्या धरून थांबले. मी फक्त पाय पुढे केला, तोही अडवून अडवून. त्याबद्दल प्रभूचे आभार मानते, आणि त्या आजींचेही, ज्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या शनिवारी मी बाह्या जोडायला बसले तेव्हा मशीनच्या पायडलवर माझे दोन्ही पाय उघडे होते, आणि स्नेहा शेजारी कापड धरून उभी होती, तिच्या दोन्ही बाह्या वर सरकवलेल्या.